जमादार म्हणतात मला

१७ फेब्रुवारी, सोमवार

परत कापलं. हनुवटीच्या डाव्या बाजूला, खालून. बाथरूमचा बल्ब गेलाय, बदलायचं कुणाच्या डोक्यात नाही. मोबाइलचा टॉर्च दातात धरून दाढी करते मी.

हो, दाढी. इतकी वर्षं या वहीतसुद्धा "ते" लिहायचे. ते वाढलं, ते काढलं. कुणाला लाजून?

पप्पा अंगणात नळापाशी दाढी करतात. खिळ्याला आरसा, रेडिओ चालू, शेजारच्या काकांशी गप्पा, गालभर फेस. मी त्याच वेळी आत, कडी लावून, आवाज जाऊ नये म्हणून नळ सोडून. त्यांचं झालं की तुरटी फिरवून म्हणतात, "कसं मोकळं वाटतंय." रोज म्हणतात.

मग स्कार्फ. डोळे तेवढे उघडे. परभणीच्या उन्हात सगळ्याच बायका बांधतात, म्हणून खपून जातं. बसमध्ये खपतं. वर्गात खपत नाही, तिथं धुळीची ॲलर्जी सांगितलीय. नोकरी लागली त्या दिवसापासून. ताडकळसच्या पुढं शाळा, खडूची धूळ, फुफाटा. सगळ्यांना पटलं.

डबा खिडकीकडं तोंड करून खाते.

२० फेब्रु.

जिंतूरच्या मावशीचा फोन. स्थळ आहे. मुलगा नांदेडला पतसंस्थेत. रविवारी येतात.

आई लगेच कामाला लागली. पडदे धुतले. मला म्हणते, "थ्रेडिंग नको, पुरळ येतं. वॅक्स कर. आन् शनिवारीच कर, म्हंजी रविवारपर्यंत लाली उतरंल." माझ्या चेहऱ्याचं वेळापत्रक तिला पाठ आहे. माझ्यापेक्षा जास्त.

त्यांना फोटो आवडला म्हणे. आवडणारच. स्टुडिओवाल्यानं कॉम्प्युटरवर घासून गुळगुळीत केलाय. त्यातली हनुवटी माझी नाहीच. ती ज्या कुणाची असंल तिचं लग्न लावा.

लेझर झालं. जळून काळे डाग पडले, केस परत आले ते आणखी राठ. गोळ्या झाल्या. वजन कमी करा झालं. सतराव्या वर्षी पाळी थांबली, सोनोग्राफी केली, पीसीओडी निघालं. डॉक्टर म्हणाले, लय जणींना असतं. कुठं आहेत त्या लय जणी? मला तर एक दिसत नाही.

२३ फेब्रु., रविवार

जीप करून आले. मुलगा, आईवडील, लग्न झालेली बहीण, सोबत मावसाजी.

मी चहा ठेवला. बहीण म्हणाली, "ताई, जरा इकडं उजेडात बसा की." बसले. माया केल्यासारखं करून तिनं माझ्या हनुवटीखालून अंगठा फिरवला. कापड बघतात तसं.

"वॅक्स केलं का? लाल झालंय."

सगळ्यांनी ऐकलं. आईनं बिस्किटाची प्लेट पुढं केली. मुलगा मोबाइलमध्ये.

संध्याकाळी मावशीचा फोन. आईनं स्पीकरवर ठेवला नव्हता, तरी मावशीचा आवाज जिंतूरहून फोनशिवाय पण ऐकू येईल असा. "पोरगी चांगली हाय, शिकलेली हाय, नोकरी हाय. पण पुढं लेकरंबाळं होतील का म्हणून त्यायला शंका आली." मग आवाज बारीक केला. तेही ऐकू आलं. मुलाचा बाप जाताना मावसाजींना म्हणाला, घरात अजून एक पुरुष कशाला.

हसले असतील सगळे. जीपमध्ये.

त्या मुलाला टक्कल आहे. पोट सुटलंय. दात

खोडलं. त्याच्या टकलाचा राग नाही मला. ते टक्कल घेऊन तो आमच्या सोफ्यावर पाय पसरून बसतो आणि कुणी त्याला उजेडात बस म्हणत नाही, याचा राग आहे.

२७ फेब्रु.

आठवीत पल्लवी. दुसऱ्या बाकावरची. प्रश्न विचारायच्या आत हात वर. आज वरच्या ओठावर पट्टी, मान खाली.

"काय झालं गं?"

"पडले मॅडम."

मागून कुणीतरी, "जमादार पडला!" अख्खा वर्ग फुटला. पोरीसुद्धा.

इकडं म्हातारी माणसं पोलिसाला अजून जमादार म्हणतात. मिशीवाला. पोरांना शब्द घरूनच मिळालाय. किती दिवसांपासून चालू आहे कुणास ठाऊक. मी त्याच वर्गावर रोज उभी असते आणि मला आज ऐकू आलं.

मधल्या सुट्टीत हातपंपापाशी गाठलं. पट्टी आपोआप सुटली होती. आडवी चीर, ओठाच्या कडेपर्यंत.

"दादाच्या ब्लेडनं केलं." दादा म्हणजे तिचा बाप. "आरसा उंचावर हाय मॅडम, म्हणून नीट दिसंना."

१ मार्च, शनिवार

शाळा सुटल्यावर पल्लवीला प्रयोगशाळेत बोलावलं. प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट आणि एक टेबल. तिला संप्रेरकं समजावून सांगितली. अंडाशय, असमतोल, उपचार असतात, ब्लेड लावू नको, बायांच्या डॉक्टरला दाखव. हे सगळं परीक्षेला येणार असल्यासारखी ती मान हलवत होती.

मग म्हणाली, "मॅडम, हे मला एकटीलाच हाय का?"

आता काय सांगू? पुस्तकातलं सगळं सांगून झालं होतं.

स्कार्फ सोडला. शाळेत कुणासमोर पहिल्यांदा.

लय वेळ बघितलं तिनं. जवळ आली. "तुमी बी कापून घेतलंय."

"हो."

"दुखलं?"

"हो."

आणि ती पोरगी हसली. ओठाची चीर ताणली, तरी हसली. म्हणाली, "मला वाटायलं व्हतं मी हळूहळू पोरगाच व्हायलेय. रात्री देवाला म्हणायचे, करायचं तर एकदाच कर."

बसमध्ये रडले. स्कार्फचा एवढा एक उपयोग आहे.

५ मार्च

फळ्यावर चित्र. दोन पोलीस, टोप्या, मिशा. एक बारका, एक मोठा. मोठ्याला साडी नेसवलेली. खाली नाव: मोठा जमादार.

डस्टरनं पुसलं. ध्वनीचा धडा घेतला. फळ्यावर काही लिहिलंच नाही, सगळं तोंडी.

नंतर पल्लवी आली, रडून डोळे सुजलेले. "मी फकस्त राणीला सांगितलं मॅडम. लय आनंद झाला व्हता म्हणून सांगितलं."

तिच्यावर राग नाही. खरंच नाही. तेरा वर्षांच्या पोरीला इतक्या दिवसांनी आनंद झाला आणि तो तिनं मैत्रिणीला सांगितला. बाकी सगळ्यांवर आहे. राणीवर, चित्र काढणाऱ्यावर, ते बघून तोंड दाबून हसत जाणाऱ्या पीटीच्या सरांवर.

८ मार्च

महिला दिन. मांडव, हार, संस्थेचे अध्यक्ष. स्त्री म्हणजे निसर्गानं घडवलेली सर्वांत सुंदर वस्तू, म्हणाले. वस्तूच म्हणाले. टाळ्या.

महिला शिक्षकांना भेट: गोरं करणारं क्रीम, फेसपॅक, काजळ, गुलाबी डब्यात. मी माझा डबा टेबलावर ठेवला आणि निघाले. मुख्याध्यापक सर मागून, "मॅडम, भेट विसरलात."

"विसरले नाही सर."

११ मार्च, मंगळवार

कुणीतरी फोटो काढलाय. स्टाफरूमच्या खिडकीतून, बाहेरून. मी डबा खायलेय. स्कार्फ गळ्यात, तोंडात घास. डोक्यावर पोलिसाची टोपी काढून चिकटवलीय.

गावाच्या ग्रुपवर गेला. तिथून कुठं कुठं. शेवटी परभणीत, आईच्या महिला मंडळाच्या ग्रुपवर. मला आईच्याच मोबाइलवर बघायला मिळाला.

फोटोवर हसणाऱ्या तोंडांची रांग. त्यात आमच्या गल्लीतल्या दोघी. एकीच्या पोराला मी दहावीचं विज्ञान शिकवलंय, घरी बोलावून.

आईनं मोबाइल परत घेतला. मला वाटलं आता बोलेल त्यांना, फोन लावेल, भांडेल.

"डबा खाताना तरी तोंड फिरवून बसायचं गं."

फिरवूनच बसले होते. खिडकीकडंच फिरवलं होतं.

१२ मार्च

मु.अ. सरांनी ऑफिसात बोलावलं. दार लावून घेतलं. पंख्याकडं बघत बोलत होते.

"पालक बोलायलेत. पोरांचं लक्ष लागंना. संस्थेचं म्हणणं असं की, तुमची ट्रीटमेंट होईपर्यंत तुम्ही ऑफिसचं काम बघा. वर्गावर नको. तुमच्या भल्याचंच आहे."

"फोटो ज्यानं काढला त्याचं काय सर?"

"ते आपल्या हातात नाही."

"माझी हनुवटी आहे का तुमच्या हातात?"

मग म्हणाले, मी समजू शकतो. काय समजू शकतात? ओठ झाकून मिशी आहे त्यांना. रंगवतात.

उद्यापासून आठवी, नववी पीटीच्या सरांकडं. विज्ञान ते शिकवणार.

१६ मार्च

होळी झाली. बाहेर गेले नाही.

उठावंसं वाटत नाही. दाढी नाही, आंघोळ नाही. आई दारात येऊन उभी राहते आणि जाते.

एक विचार येतो. तो लिहीत नाही.

१७ मार्च

अजून येतो.

१९ मार्च

पप्पा म्हणाले, "चल." कुठं, ते सांगितलं नाही. स्कूटरवर मागं बसले. एसटीच्या वर्कशॉपात जन्म घालवलेला माणूस, इंजिनाचा आवाज ऐकून बिघाड सांगतो, घरात मात्र कधी दोन वाक्यं जोडून बोलला नाही. वाटेत सिग्नलला म्हणाले, "मला वाटायचं, बायांचं काम, तुझी आई बघत असंल. म्हणून मी आपलं कधी..."

सिग्नल सुटला.

मनाच्या डॉक्टरकडं नेलं. बाई आहेत, माझ्याच वयाच्या. गुळगुळीत चेहरा. पहिल्यांदा त्यांचाच राग आला. यांना काय कळणार?

झोप, भूक, सगळं विचारलं. मग सरळ विचारलं, "जीव द्यावा असं मनात येतं का?"

पप्पा शेजारीच होते. मी हो म्हणाले.

पप्पांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. परत घातलीच नाही, घरी येईपर्यंत.

गोळ्या दिल्यात. आठवड्यानं परत यायचं, एकटीनं नाही. तसे विचार वाढले तर कधीही फोन करायचा, रात्रीसुद्धा. बाहेर पडताना डॉक्टर म्हणाल्या, "तुम्हाला आलेला राग चुकीचा नाही. तो सगळा स्वतःवर काढू नका." मी मान हलवली. पल्लवी हलवते तशी.

घरी आल्यावर पप्पांनी बाथरूमचा बल्ब बदलला. जळका बल्ब हातात घेऊन बराच वेळ उभे होते.

२४ मार्च, सोमवार

शाळेत परत. ऑफिसात टेबल दिलंय, दाखल्यांवर शिक्के मारायला.

पल्लवी होळीपासून आलेली नाही. आज तिचा बाप आला. पांढरे कपडे, चांगली जमीन असलेला माणूस. मु.अ. सरांसमोर मला बोलला.

"मॅडम, तुमी माझ्या पोरीला तोंडाचं फडकं सोडून काय दाखवलं? आता रोज म्हणायली, मला बायांच्या डॉक्टरला दाखवा. आठवीतली पोर! उद्या गावात बोभाटा झाला तर तिला करणार कोण? शाळा बंद केली मी तिची. तुमच्यात चालत असंल असलं. आमच्यात न्हाई चालत."

तुमच्यात म्हणजे काय ते त्यानं सांगितलं नाही. मला विचारायची गरज पडली नाही. मु.अ. सर शिक्क्याकडं बघत होते.

म्हणजे दाढीची एक शिवी, जातीची एक. एकाच खुर्चीत बसून दोन्ही ऐकून घ्यायचं. मी म्हणाले, "आमच्यात पोरींची शाळा बंद करत नाहीत. दवाखान्यात नेतात." तो उठून गेला. सर म्हणाले, "कशाला बोललात?"

२७ मार्च

पल्लवीच्या घरी जाऊन आले. शेतातल्या घरात, आखाड्यावर राहतात. बाप बाजारला गेला होता, ते बघूनच मी गेले.

आई चुलीपाशी. मला बघून पदर ओढला, आधी घाबरली, मग पाणी दिलं. "तिकडं हाय," म्हणाली. गोठ्यामागं, कडब्याच्या गंजीच्या सावलीत. पल्लवी पुस्तक घेऊन बसलेली, पुस्तक मिटलेलं. वरचा ओठ सोलून निघालाय, खपल्या. ब्लेड नाही आता. आई राख लावून घासते आणि उपटते, रोज सकाळी.

"शाळेत ये. परीक्षा आहे."

"नको मॅडम. मी इथं बरी हाय. म्हशी काई म्हणत न्हाईत."

जेवत नाही म्हणे नीट. आरसा फोडला एक दिवस.

मी तिच्या आईवर चिडले. सरळ बोलले, पोरीची कातडी काढायलात तुम्ही, कळतं का? ती ऐकून घेत होती. मग बांधाकडं एकदा बघून घेतलं, कुणी नाही ना. पदर बाजूला केला. हनुवटीखाली, गळ्यापर्यंत, सगळं काळं पडलेलं, जाड झालेलं.

"मला बी हाय मॅडम. लग्न झाल्यापासून रोज राखेनं काढते. सगळे उठायच्या आत. तिच्या दादाला अजून म्हाईत न्हाई."

एका खाटेवर झोपणाऱ्या माणसाला माहीत नाही! अख्खा जन्म पदर धरून काढला बाईनं, आणि आता तेच लेकीला शिकवायली, कारण तिला दुसरं काही येतच नाही.

डॉक्टर म्हणाले होते लय जणींना असतं. ह्या त्या लय जणी. राख लावून बसल्यात.

बाईला माझा नंबर दिला. चोळीत खोचला तिनं.

२ एप्रिल

शिक्का टेबलावर ठेवला आणि खडू घेऊन आठवीवर गेले. तोंड उघडं. दोन दिवसांची वाढलेली, तशीच.

पीटीचे सर आत होते. म्हणाले, "मॅडम?" मी म्हणाले, "माझा तास आहे." गेले.

सगळ्या माना वर झाल्या. मग एक पोरगं खिंकाळलं. मग दोन.

फळ्यावर लिहिलं: संप्रेरके. वळले. "कुणाकुणाला मिशी फुटायलीय? हात वर करा."

पोरं आधी बघत राहिली. मग एक हात. मग पाच-सात, ऐटीत. एक जण तर उभाच राहिला, सगळ्यांना दिसावं म्हणून.

"शाब्बास. घरी कुणी रागावलं का? कुणी चिडवलं? शाळा बंद केली कुणी?"

हसले. नाही मॅडम.

"पल्लवीला फुटली तर तिला काय म्हणत होतात?"

हात खाली. उभा राहिलेला बसला.

"मला काय म्हणता तेही सांगा. माझ्यासमोर म्हणा."

राणी रडायला लागली. मी थांबवलं नाही तिला. मग अर्धा तास शिकवलं, पुरुषांत काय, बायांत काय, कमीजास्त झालं की काय. काही पोरांनी लिहून घेतलं, काहींनी नाही. मागच्या बाकावरचा एक शेवटपर्यंत हसत होता. सगळ्यांची मनं बदलली वगैरे काही झालं नाही.

येताना बसमध्ये बाया बघायला लागल्या तसा स्कार्फ परत बांधला. बसमध्ये नाही जमलं.

४ एप्रिल

मु.अ. सरांनी लेखी खुलासा मागितलाय. परवानगीशिवाय वर्गावर गेल्याबद्दल, आणि "अशोभनीय विषय" चर्चेला घेतल्याबद्दल.

पाठ्यपुस्तकातला धडा आहे! खुलाशात पान क्रमांक लिहून दिला. दुसरं काही लिहिलं नाही.

१४ एप्रिल

जयंती. सकाळी आई पांढरी साडी इस्त्री करून घेऊन आली आणि सोबत वॅक्सचा डबा. "आजच्या दिवशी तरी. सगळा समाज येतो."

"नाही."

"माझ्यासाठी."

"तुझ्यासाठीच इतकी वर्षं केलं."

तिला लागलं ते. तिला लागावंच असं मला वाटत होतं. विहारापर्यंत ती पुढं, मी मागं.

वंदना झाली. बाया खीर वाटत होत्या. गल्लीतली ती, फोटोवर हसलेली, जवळ आली. डोळे हनुवटीवर, आवाजात मध. "करुणा, तब्येत बरी न्हाई का गं? कशी दिसायलीस."

मी तोंड उघडायच्या आत आई. "तिची तब्येत चांगली हाय. तुमी मोबाइलवर हसलात ते बघितलंय मी. आता तोंडावर हसून दाखवा."

वाटी हातात घेऊन ती बाई उभीच्या उभी. मी आईकडं बघितलं. जन्मात पहिल्यांदा भांडली असंल चारचौघांत, आणि तेही विहारात.

घरी येताना म्हणाली, "पण एक नवीन क्रीम आलंय म्हणे. लावून तर बघ."

आई आहे ती.

२२ एप्रिल, मंगळवार

दुपारी अनोळखी नंबर. पल्लवीची आई, शेजारणीच्या मोबाइलवरून. घाईत, दबक्या आवाजात.

"मॅडम, ती परवा इहिरीकडं गेली व्हती. काठावर बसली व्हती नुसती. मी वढून आणली. मला भ्या वाटायलंय." मग म्हणाली, "गुरुवारी येते तिला घिऊन. दीराच्या पोरीच्या लग्नाच्या बस्त्याला जायचं सांगितलंय घरी. तुमी स्टँडवर थांबताल का? मी परभणी एकटी कधी बघितली न्हाई."

थांबते म्हणाले. तोवर तिला एकटी सोडू नका म्हणाले. मनाच्या डॉक्टरांना लगेच फोन केला. त्या म्हणाल्या, आधी माझ्याकडं आणा, बायांच्या डॉक्टरकडं नंतर. ब्लेड, कीटकनाशक, दोर, सगळं हाताबाहेर ठेवायला सांगा. परत त्या शेजारणीला लावला, परत सगळं सांगितलं.

विहिरीच्या काठावर. एका मिशीसाठी. तेरा वर्षांची पोर. मला ओरडावंसं वाटायलंय, त्या फळ्यावर, त्या ग्रुपवर, त्या जीपमध्ये, त्या अध्यक्षाच्या माइकवर.

संध्याकाळी मु.अ. सरांचा फोन. गुरुवारी अकराला अध्यक्ष येतात, पुढच्या वर्षीच्या नेमणुकीबद्दल बोलायचंय. "यायलाच लागतंय मॅडम. आला नाहीत तर तुम्हाला नको आहे असं समजतील."

गुरुवारीच.

२४ एप्रिल, गुरुवार

स्टँडवर बसून लिहायलेय. ऊन आत्ताच भाजायलंय. उसाच्या रसवाल्याचं घुंगरू.

पप्पा सिव्हिलला आहेत, नंबर लावायला. सकाळीच गेले. फोन केला होता: बायांच्या लाइनीत उभे होते, तर शिपायानं हाकललं. "मी म्हणलो, लेकीसाठी उभा हाय. कुठं उभा राहू सांग." अजून तिथंच आहेत. मनाच्या डॉक्टर दुपारपर्यंत थांबते म्हणाल्यात.

समोर एक बाई सारखी बघायलीय, हनुवटीकडं. मी पण तिच्याकडं बघायले. तिनं मान वळवली.

ताडकळसची पहिली गाडी आली. त्यात नाहीत.

मु.अ. सरांचा फोन. उचलला नाही. परत आला. "अध्यक्ष आलेत, कुठं आहात?" असा मेसेज. काय लिहू? नोकरी गेली तर दुसरी शाळा, तिथंही हीच हनुवटी. आईला काय सांगायचं ते ठरवलेलं नाही.

शेजारणीचा नंबर लागत नाही. बंद येतोय.

बापाला कळलं असंल का? की तीच यायला तयार झाली नसंल? की

आणखी एक आली. पाटी वाचता येईना, काचेवर धूळ. कंडक्टर खिडकीतून डोकं काढून ओरडायलाय, ताडकळस, ताडकळस. ब्रेक लागला. दार उघडलं. आधी पोती, मग एक म्हातारा, मग लेकरू कडेवर घेतलेली बाई.

माणसं उतरायलीत. उठते.